जगाच्या सफरीवर एकटी

वाशीमहून अकोला सुमारे ८० किलोमीटर आहे. एस. टी. बसने निघालात, तर दोन-अडीच तासांत पोहोचाल. हेच अंतर सायकलने कापायचे ठरवले, तर पहाटे निघालेला धट्टाकट्टा तरुणसुद्धा अकोल्यात घामाघूम होऊन उतरेल. रस्ता डांबरी आहे, वाटेत गावे आहेत, चहाच्या टपऱ्या आहेत, पंक्चर काढणारेही भेटतात. तरीही इतके अंतर सायकलने जायला आपण सहसा तयार होत नाही.

मुलांनो, आता सव्वाशेहून अधिक वर्षे मागे चला. रस्ते मातीचे आहेत. मोटारगाड्या जवळजवळ नाहीतच. बायकांचा पोशाख पायघोळ, घेरदार आणि जड आहे. बाईने सायकल चालवावी की नाही, यावर वर्तमानपत्रांत वाद चालले आहेत. सायकल चालवून बायकांचा चेहरा कायमचा बिघडतो, असे काही डॉक्टर गंभीरपणे लिहीत आहेत. अशा काळात तीन मुलांची एक आई जाहीर करते, की मी एकटी सायकल घेऊन जगाची सफर करून येईन. गंमत अशी, की सायकल कशी चालवतात हेही तिला काही दिवसांपूर्वीपर्यंत ठाऊक नव्हते! दोन-तीन धडे तिने घेतले होते, तेवढेच.

या स्त्रीचे नाव ॲनी. तिचा जन्म १८७० च्या सुमारास लाटविया देशात झाला. तेव्हा हा देश रशियाच्या बादशहाच्या अमलाखाली होता. ॲनीचे घराणे यहुदी होते. माहेरचे आडनाव कोहेन. १८७५ मध्ये तिचे आईवडील मुलाबाळांसह अमेरिकेला गेले आणि बॉस्टन शहरात राहू लागले. त्यांची वस्ती गरीब लोकांची होती. एकेका इमारतीत दाटीवाटीने कितीतरी कुटुंबे राहत.

ॲनी सतरा वर्षांची असताना घरावर संकट कोसळले. १८८७ मध्ये वडील वारले आणि त्यांच्यामागोमाग दोनच महिन्यांत आईही गेली. घरात एक मोठा भाऊ, ॲनी आणि दोन लहान भावंडे उरली. दोघांनी मिळून धाकट्यांचा सांभाळ सुरू केला. पुढच्याच वर्षी ॲनीचे लग्न झाले. नवऱ्याचे नाव मॅक्स कोपचॉव्स्की. तो फेरीवाला होता; दारोदार फिरून माल विकायचा. स्वभावाने धार्मिक, ग्रंथवाचनात रमणारा. चार वर्षांत त्यांना तीन मुले झाली. नवऱ्याच्या कमाईत भागेना, म्हणून ॲनीने काम धरले. बॉस्टनच्या वर्तमानपत्रांसाठी ती जाहिराती मिळवू लागली. दुकानदाराकडे जायचे, गोड बोलायचे, त्याला पटवायचे आणि जाहिरात घेऊन यायचे. हे काम तिला चांगले जमले. पुढे जगाच्या पाठीवर तिला हीच विद्या उपयोगी पडली. सायकलपेक्षाही जास्त, असे मला वाटते.

आता त्या प्रसिद्ध पैजेकडे येऊ. पैज म्हणजे शर्त. ॲनी सांगत असे, की बॉस्टनच्या दोन श्रीमंत गृहस्थांमध्ये पैज लागली आहे. एक म्हणाला, कोणतीही बाई सायकलने जगाची सफर करू शकणार नाही. दुसरा म्हणाला, करू शकेल. मुदत पंधरा महिन्यांची होती. या काळात त्या बाईने स्वतःच्या हिमतीवर ५,००० डॉलर कमवायचे, अशीही अट होती. जिंकल्यास तिला १०,००० डॉलर मिळणार होते. याआधी टॉमस स्टीव्हन्स नावाच्या माणसाने १८८४ ते १८८७ या काळात उंच चाकाच्या सायकलवरून जगाची सफर केली होती. पण तो पुरुष होता, आणि बाईला हे जमेल का, हाच तर वाद होता.

ही पैज खरोखर लागली होती का? पुढे एका संशोधकाने पुष्कळ शोध घेतला, पण पक्का पुरावा त्याला मिळाला नाही. बहुधा ही गोष्ट ॲनीनेच रचली असावी किंवा सायकलच्या जाहिरातीसाठी कोणीतरी पुढे केली असावी. पण लोकांना ती फार आवडली. पैज म्हटली की लोक कान टवकारतात, हे जाहिराती गोळा करणाऱ्या ॲनीला चांगलेच माहीत होते.

१८९४ च्या जून महिन्याच्या अखेरीस बॉस्टनच्या सरकारी इमारतीसमोर सुमारे पाचशे लोक जमले. ॲनी लांब झगा घालून आली. तिच्या ‘कोलंबिया’ सायकलचे वजन १९ किलो होते. त्याच समारंभात लंडनडेरी नावाच्या झऱ्याचे पाणी विकणाऱ्या कंपनीने तिला १०० डॉलर दिले. बदल्यात तिने सायकलला कंपनीची पाटी लावायची आणि स्वतःचे आडनावही ‘लंडनडेरी’ सांगायचे. ॲनीने दोन्ही गोष्टी कबूल केल्या. तेव्हापासून ती ॲनी लंडनडेरी झाली.

या आडनावाचा आणखी एक फायदा होता. कोपचॉव्स्की म्हटले की ती यहुदी आहे, हे लोकांच्या लगेच ध्यानात यायचे. त्या काळी युरोप-अमेरिकेत यहुदी लोकांकडे अनेक जण तिरस्काराने पाहत. अनोळखी गावात रात्रीचा आसरा मागणाऱ्या एकट्या बाईला नावावरूनच दार बंद झाले तर? लंडनडेरी या नावाने ती भीती टळली. नाव बदलून वावरावे लागणे ही काही सुखाची गोष्ट नाही. पण ॲनीने त्याबद्दल कुठे तक्रार केल्याचे दिसत नाही. उलट त्याचे पैसे घेतले!

सामान म्हणून तिच्याजवळ बदलायला एक कपड्यांचा जोड आणि एक छोटे पिस्तूल होते. तंबू नाही, अंथरूण नाही, स्वयंपाकाचे भांडे नाही. जिथे रात्र होईल तिथे मुक्काम. ‘मुक्काम’ हा शब्द तुम्हाला नवा नाही. तुमच्या उर्दूतला ‘मुक़ाम’ आणि मराठीतला ‘मुक्काम’ हे सख्खे भाऊच आहेत. मात्र मराठीत त्याचा अर्थ प्रवासात थांबणे, वस्ती करणे असा होतो.

वर्गात इथपर्यंत गोष्ट आली, की एक प्रश्न हमखास विचारला जातो, आणि तो बहुधा मुलीच विचारतात : तिची मुले कोणाजवळ राहिली? मुले बापाजवळ राहिली. सर्वांत मोठी मुलगी तेव्हा जेमतेम पाच-सहा वर्षांची होती. ॲनी जवळजवळ पंधरा महिने सफरीवर होती. शिवाय प्रवासात ती आपण विवाहित असल्याचेच सांगत नसे. कोणी तिला दोष देतात. पोटाच्या मुलांना टाकून असे जाऊ नये, असे म्हणतात. कोणी म्हणतात, पुरुष वर्षानुवर्षे परमुलखात कमावायला जातो, तेव्हा हा प्रश्न का विचारला जात नाही? दोन्ही बाजू विचार करण्यासारख्या आहेत. मला मात्र त्या फेरीवाल्या मॅक्सचे नवल वाटते. बायको जगभर गाजत होती आणि तो घरी मुलांना भरवत होता. 

बॉस्टनहून न्यूयॉर्क आणि तिथून शिकागो असा तिचा पहिला टप्पा होता. तो पार करायला तिला जवळजवळ तीन महिने लागले. सायकल जड, झगा त्याहून जड. चिखलात चाके रुतायची, झगा भिजून पायांत अडकायचा. २४ सप्टेंबरला ती शिकागोला पोहोचली, तेव्हा तिचे वजन नऊ किलोंनी घटले होते. पुढे थंडी आणि बर्फाचे दिवस. पंधरापैकी तीन महिने संपले होते. ॲनीने सफर सोडून द्यायचे जवळजवळ ठरवले.

पण तिथे एक गोष्ट घडली. शिकागोत ‘स्टर्लिंग’ नावाच्या सायकली बनत. त्या कंपनीने तिला पुरुषांची सायकल दिली. वजन फक्त साडेनऊ किलो, म्हणजे पहिल्या सायकलच्या निम्मे. ही सायकल आजच्या सायकलसारखी नव्हती, बरे का! तिला ब्रेक नव्हता. आपल्या सायकलचे पायडल मारणे थांबवले, तरी चाक फिरत राहते आणि पाय स्थिर ठेवता येतात. तिच्या सायकलला ही सोय नव्हती. चाक फिरते तोवर पायडलही फिरणारच. थांबायचे असेल, तर पायांनी उलटा जोर द्यायचा. एखाद्या घाटाच्या उतारावर अशी सायकल कशी आवरावी लागत असेल, याचा विचार करून पाहा.

पुरुषांच्या सायकलला मध्ये आडवी नळी असते. त्यामुळे झगा घालून ती चालवता येईना. मग ॲनीने झगा सोडून सैल विजारीचा पोशाख घातला. पुढे तर ती पुरुषी बेताचे कपडे वापरू लागली. यावरून फार गहजब झाला. तेव्हा अमेरिकेत विजार घालून सायकलवर बसलेली बाई दिसली, की रस्त्यावर लोक जमायचे. आपल्याकडे सलवार घातलेल्या मुलीला सायकलवर बसायला काहीच अडचण येत नाही. पण त्या बायकांना या एका कपड्यासाठी किती टोमणे ऐकावे लागले!

पश्चिमेच्या डोंगरांत हिवाळा अडवील, हे ओळखून ॲनीने दिशाच बदलली. ती न्यूयॉर्कला परतली आणि नोव्हेंबरमध्ये फ्रान्सकडे जाणाऱ्या बोटीत बसली. ३ डिसेंबर १८९४ रोजी ती तिथल्या ला हाव्र बंदरात उतरली. तिथे जकातवाल्यांनी सायकल अडवून ठेवली. तिचे पैसे चोरीला गेले. काही फ्रेंच वर्तमानपत्रांनी ती बाईसारखी दिसतच नाही, असे लिहून तिची टिंगल केली. ॲनी डगमगली नाही. ती दुकानांच्या जाहिराती कपड्यांवर आणि सायकलवर लावून फिरू लागली. आपले फोटो सही करून विकू लागली. भाषणे देऊ लागली. मग पॅरिसहून ती दक्षिणेकडे मार्सेय बंदराकडे निघाली. बराचसा रस्ता सायकलने आणि थोडा आगगाडीने कापला. डिसेंबर-जानेवारीची कडाक्याची थंडी होती. १३ जानेवारी १८९५ रोजी ती मार्सेयला पोहोचली. तिच्या एका पायाला पट्टी बांधलेली होती आणि ती दुसऱ्याच पायाने सायकल चालवत होती. गावचे सायकलस्वार तिला आणायला वेशीपर्यंत आले होते. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बघ्यांची गर्दी होती. टिंगल करणारा देश आता तिच्यासाठी टाळ्या वाजवत होता.

इथून पुढची गोष्ट जरा नीट ध्यान देऊन वाचा. अमेरिकेत परतल्यावर ॲनी लोकांना सांगत असे, की आपण हिंदुस्थानात जाऊन जर्मन राजघराण्यातील मंडळींबरोबर वाघांची शिकार केली. चीन आणि जपान यांची तेव्हा लढाई चालू होती. त्या रणभूमीवर आपल्याला गोळी लागली आणि जपानी तुरुंगात राहावे लागले, असेही ती सांगे. ऐकणारे थक्क होत.

आता आपण हिशेब करू. २० जानेवारीला ॲनी मार्सेयहून ‘सिडनी’ नावाच्या बोटीने निघाली आणि ९ मार्चला जपानच्या योकोहामा बंदरातून अमेरिकेकडे रवाना झाली. म्हणजे मध्ये एकूण ४८ दिवस होते. बोट अलेक्झांड्रिया, एडन, कोलंबो, सिंगापूर, सायगाव, हाँगकाँग, शांघाय अशी बंदरे घेत गेली. बंदरात बोट थांबेल तेवढा वेळ खाली उतरायचे, सायकलने फेरी मारायची, फोटो विकायचे आणि पुन्हा बोटीवर चढायचे, एवढेच शक्य होते. मग वाघ केव्हा मारले? तुरुंगात केव्हा बसली? नकाशा आणि तारखा समोर ठेवल्या, की गप्पा आपोआप उघड्या पडतात.

ॲनी अशा थापा नेहमीच मारत असे. कुठे ती आपण डॉक्टरकीची विद्यार्थिनी आहोत असे सांगे, कुठे अनाथ, कुठे वकील, तर कुठे एका मोठ्या पुढाऱ्याची पुतणी. गावागणिक गोष्ट बदले. तिची बाजू घेणारे म्हणतात, की लोकांना चमत्कार हवे होते आणि पैसे देऊन ते ऐकत होते. गरीब बाईला कमाईचा दुसरा मार्ग नव्हता. हे मी समजू शकतो. पण मला वाईट याचे वाटते, की तिची खरी कामगिरी थापांविनाही पुरेशी मोठी होती.

आजच्या नियमांप्रमाणे सायकलवरच्या जगप्रदक्षिणेचा विक्रम मानायचा, तर सुमारे २९,००० किलोमीटर सायकल चालवावी लागते. ॲनीची बरीच वाट बोटीने झाली, त्यामुळे तिचा प्रवास त्या मापात बसणार नाही. आपल्या पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी हिने हे अंतर २०१८ मध्ये १५९ दिवसांत पार केले. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. त्याआधी, १९२३ मध्ये, मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलने जगाच्या सफरीला निघाले होते. त्यांतील तिघे १९२८ मध्ये सफर पुरी करून आले. वेदांगीजवळ मोबाइल फोन आणि नकाशे होते. पारशी तरुणांना एकमेकांची सोबत होती. ॲनीजवळ यांतले काहीच नव्हते.

२३ मार्च १८९५ रोजी ॲनी सॅन फ्रान्सिस्कोला उतरली. सफरीचा खरा कस आता लागणार होता. सहा महिने उरले होते आणि निम्मी अमेरिका ओलांडायची होती. सुरुवातीलाच एक घोडागाडी उधळून अंगावर आली आणि ती जबर आपटली. काही दिवसांनी ती पुन्हा निघाली. लॉस एंजेलिस ओलांडल्यावर वाळवंट लागले. जून महिन्यातले ॲरिझोनाचे वाळवंट! आपल्याकडे मे महिन्यात दुपारी बाराला मालेगाव-रिसोडच्या रस्त्यावर उभे राहिलात, तर त्या उन्हाची थोडीफार कल्पना येईल. फरक एवढाच, की इथे हाकेच्या अंतरावर एखादी विहीर किंवा लिंबाचे झाड सापडते. तिथे कोसच्या कोस सावली नव्हती.

अशा मुलखात वाट चुकणे म्हणजे मरण. म्हणून ॲनीने रेल्वेचे रूळ धरले. रूळ जिकडे जातात तिकडे पुढचे स्टेशन असणारच आणि स्टेशन म्हणजे पाणी. रूळ दुरुस्त करणाऱ्या कामगारांच्या खोल्या मध्ये मध्ये असत. तिथे ती रात्री आसरा मागे. सायकलचे चाक पंक्चर झाले, तेव्हा तिला सायकल ढकलत मैलोगणती पायी चालावे लागले. काही ठिकाणी ती आगगाडीतही बसली. पण उन्हात, वाळूत, एकटीने काटलेली वाटही काही थोडीथोडकी नव्हती. वाघांच्या शिकारीची गोष्ट रचणाऱ्या या बाईला रूळांच्या कडेने एकटीने चालण्यात काही विशेष वाटले नसावे. मला मात्र तिच्या साऱ्या सफरीत हाच भाग सर्वांत मोठा वाटतो.

पुढे टेक्सासमधील एल पासो, मग उत्तरेकडे वळून ऑगस्टमध्ये डेन्व्हर असे टप्पे झाले. नेब्रास्का प्रांतातील रस्ते चिखलाने भरले होते, म्हणून तो भाग तिने आगगाडीने ओलांडला. शिकागो आता जवळ आले होते. आयोवा प्रांतात डुकरांचा एक कळप अचानक सायकलपुढे आला. ॲनी पडली आणि तिचे मनगट मोडले. हात प्लॅस्टरमध्ये घालून ती तशीच पुढे निघाली. १२ सप्टेंबर १८९५ रोजी ती शिकागोला पोहोचली. पंधरा महिन्यांची मुदत संपायला अजून काही दिवस बाकी होते. त्याच महिन्यात ती बॉस्टनला आपल्या घरी, आपल्या मुलांत परतली.

नंतर हे कुटुंब न्यूयॉर्कला राहायला गेले. ‘न्यूयॉर्क वर्ल्ड’ या वर्तमानपत्रात ॲनीने आपल्या सफरीची हकिकत लिहिली आणि काही काळ पत्रकार म्हणून काम केले. १८९७ मध्ये तिला चौथे अपत्य झाले. पुढे नवऱ्याबरोबर तिने कपड्यांचा छोटा धंदा केला. तो आगीत जळाला, तेव्हा तिने दुसरा धंदा उभा केला. सायकलवरून जग पाहून आलेल्या या बाईची उरलेली पन्नास वर्षे अशी दुकानात आणि घरसंसारात गेली. ११ नोव्हेंबर १९४७ रोजी ती वारली. तोवर लोक तिला पार विसरून गेले होते.

सायकल मात्र बायकांना विसरली नाही. १९९० नंतरच्या वर्षांत तमिळनाडूच्या पुदुकोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेतून खेड्यांतील हजारो बायका सायकल शिकल्या. त्यांत मुस्लिम बायकाही पुष्कळ होत्या. आपल्या राज्यात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत येण्यासाठी सायकली मिळाल्या आहेत. यांतल्या कोणाला ॲनीचे नाव ठाऊक असण्याचा संभव कमीच.

ॲनीच्या मोठ्या भावाचा पणतू पीटर झुटलिन याने अनेक वर्षे खपून जुनी वर्तमानपत्रे चाळली. गावोगावच्या बातम्या आणि तारखा जुळवल्या. खरे काय आणि बनावट काय, ते वेगळे केले आणि २००७ मध्ये ॲनीवर पुस्तक लिहिले. या शोधात त्याला ॲनीची एक नातही भेटली. आजीच्या सफरीची काचेवरची चित्रे तिने जपून ठेवली होती. भाषण देताना ॲनी दिव्याच्या उजेडाने हीच चित्रे पडद्यावर दाखवत असे. मोठे लोक वारले की वर्तमानपत्रे त्यांच्यावर मृत्युलेख छापतात. ॲनीवर तेव्हा कोणी लिहिले नव्हते. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने तो लेख २०१९ मध्ये, म्हणजे तिच्या मृत्यूनंतर बहात्तर वर्षांनी छापला.